वाचकांचे प्रश्न: दूध अर्धा लिटर केलं, तरी वीस तारखेला पाकीट रिकामं

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि जवळजवळ सगळी एकाच गोष्टीची, पैसे पुरत नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही म्हणून सहा निवडलीत, तीही थोडक्यात छापतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण ते वाचून मला दोन दिवस नीट झोप लागली नाही.

प्रश्न: ताई, आम्ही भांडुपला चाळीत भाड्याने राहतो. मिस्टरांचा पगार हातात 38,000, मुलं दोन, एक सहावीत एक दुसरीत. दर महिन्याला वीस तारखेच्या आसपास पैसे संपतात मग वाण्याची उधारी. हे म्हणतात तुला पुरवता येत नाही, माझी आई दहा हजारांत घर चालवायची. मी दूध एक लिटरवरून अर्धा लिटर केलं, फळं बंद केली, अंडी फक्त मुलांना आणि ह्यांना, मी रात्री नुसता भात आमटी खाते. तरी पुरत नाही. हल्ली चक्कर पण येते. अजून कुठे काटकसर करू? खर्च लिहून पाठवतेय. भाडं 11,000, बाइक आणि मोबाइलचे ईएमआय मिळून 6,100, शाळेची फी 3,000, शाळेची रिक्षा 1,600, किराणा 6,000, दूध 1,050, भाजी मासे 3,500, गॅस आणि लाइट बिल 2,200, रिचार्ज 900, ह्यांचं पेट्रोल 2,500, गावी सासूबाईंना 3,000.

उत्तर: ताई, आधी मी तुमची बेरीज केली. 40,850 होते. पगार 38,000. म्हणजे कुणी आजारी पडलं नाही, कुणाचं लग्न निघालं नाही, चप्पल तुटली नाही तरी महिन्याला 2,850 कमीच पडणार. हे तुमच्या हाताला बरकत नाही म्हणून होत नाहीये, हे गणितच आहे आणि ते लक्ष्मी येऊन बसली तरी जुळणार नाही. हा आकडा मिस्टरांना दाखवा, भांडणासाठी नाही, फक्त कागद समोर ठेवा आणि त्यांनाच बेरीज करू द्या. स्वतःच्या हाताने केलेली बेरीज माणूस मान्य करतो.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही आतापर्यंत जे जे कापलंत ते बघा. दूध, फळं, अंडी, स्वतःची रात्रीची चपाती. सगळं स्वयंपाकघरातलं, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या स्वतःच्या ताटातलं. दुधातून वाचले 1,050. आणि ईएमआय अधिक पेट्रोल किती, 8,600. त्याला कुणी हात लावलेला नाही. मी तुम्हाला दोष देत नाहीये, आपल्याकडे असंच होतं, कारण स्वयंपाकघर बाईच्या हातात असतं म्हणून काटकसर पण तिथेच होते, जिथे हात पोचतो तिथे.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितेय ते सांगते. आमचं घर परळला, वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि आज मिटेल उद्या मिटेल करत तो कधी मिटलाच नाही. त्या वर्षी माझी आई खूप उपास करायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. मला वाटायचं आई फार देवाची झालीय, मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे सुद्धा. ती देवाची बिवाची काही झाली नव्हती हे मला मोठी झाल्यावर, स्वतःच्या घरात डबे रिकामे बघितल्यावर कळलं. उपासाच्या दिवशी ती फक्त चहा प्यायची. पुढे तिची तब्येत कायमची गेली ती गेलीच. तेव्हापासून कुणी मला म्हटलं की आम्ही काटकसर करतो तर मी पहिला प्रश्न हाच विचारते, कुणाच्या ताटातून?

म्हणून तुम्हाला पहिलं काम. चक्कर येते म्हणालात ना, या आठवड्यात महापालिकेच्या आपला दवाखान्यात किंवा जवळच्या पालिका दवाखान्यात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना रक्त कमी निघालं होतं. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या तिथेच मिळतात. त्या रोज घ्या आणि चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

आणि ताटात अंडं परत आणा, चौघांच्या. रोज नको, आठवड्यातून तीन दिवस, पण चौघांच्या. बाकी दिवशी मोड आलेली मटकी, हरभरे, कुळथाचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी. मासे खात असाल तर मांदेली, बांगडा. पापलेट सुरमईने पोट जास्त भरतं असं काही नाही.

आता पैसे कुठून काढायचे. तुमच्या यादीत मला तीन जागा दिसतात.

पेट्रोल. मिस्टर अंधेरीला एमआयडीसीत जातात असं तुम्ही लिहिलंय. मी सरळ म्हटलं असतं की बसने जा, पण बेस्टचं कमीत कमी भाडं मे 2025 मध्ये 5 चं 10 झालं, एसीचं 6 चं 12, त्यामुळे पूर्वीइतकं ते स्वस्त राहिलं नाही, आणि लोकलने घाटकोपरला जाऊन पुढे मेट्रो पकडायची तर सकाळची गर्दी कशी असते ते आपल्याला माहितीय. तरी पास काढून हिशोब करून बघा, लोकलचा तीन महिन्यांचा पास एक एक महिन्याच्या तीन पासांपेक्षा स्वस्त पडतो. नाहीतर सोपा उपाय, कंपनीतला भांडुप कांजूरचा कुणी असेल तर एक आठवडा याची बाइक एक आठवडा त्याची. पेट्रोल निम्मं, महिन्याला बाराशे साडेबाराशे तिथेच सुटले.

शाळेची रिक्षा. शाळा पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे असं तुमच्याच पत्रात आहे. चाळीतल्या तीन चार आया मिळून पाळ्या लावा, सोमवारी एकीने सगळी मुलं न्यायची, मंगळवारी दुसरीने. रक्त तपासल्यावर आणि बरं वाटायला लागल्यावर हे करा, चक्कर येत असताना उन्हात मुलं घेऊन चालू नका. पावसाळ्याचे दोन महिने रिक्षा ठेवली तरी हरकत नाही.

किराणा. उधारीच्या वहीवर घेताना भाव विचारायची आपल्याला लाज वाटते, आणि घासाघीस तर नाहीच. म्हणून एकदाच कसं पण करून उधारी फेडा आणि रोखीवर या. आणि तुमच्या भागात मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे का ते शोधा. 1975 पासून ही संस्था चालतेय. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी द्यायची, पैसे आधी भरायचे, मग सगळा माल एकाच्या घरी येतो आणि बायका पुरुष मिळून वाटून घेतात. स्वस्त पडतं हे तर आहेच पण माझ्या मते खरा फायदा वेगळा, यादी आधी द्यावी लागते ना, त्यामुळे दुकानात उभं राहून हे पण टाका ते पण टाका असं होतच नाही. आमच्या घरी पंचवीस वर्षं तोच माल येतोय.

मोबाइलचा हप्ता किती राहिलाय ते तुम्ही लिहिलं नाही. तो संपेल त्या महिन्यापासून तेवढीच रक्कम पोस्टात आरडीला, म्हणजे दर महिन्याला ठरावीक पैसे भरायच्या खात्यात टाका, शंभर रुपयांपासून सुरू करता येतं. हप्ता भरायची सवय झालेलीच आहे, नवीन फोनचा हप्ता सुरू व्हायच्या आत ती सवय तुमच्याकडे वळवून घ्या.

सासूबाईंचे 3,000 कमी करा असं मी सांगणार नाही. त्या पण कुणाच्या तरी ताटातून वाचवत असतील.

आणि "माझी आई दहा हजारांत चालवायची" याला उत्तर. मिस्टरांना सांगा, 1972 ला याच मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती नाव होतं. डबा रिकामा झाला की चूक बाईची असं त्या बायकांनी मानलं नाही, त्यांनी थाळ्या वाजवून सरकारला तेल साखरेचा भाव विचारला. मिस्टरांच्या आईने दहा हजारांत घर चालवलं असेल पण तेव्हा भांडुपला खोलीचं भाडं 11,000 नव्हतं. आता घरात एक वही करा, दोघांच्या अक्षरातली. त्यांचा चहा, पेट्रोल, रिचार्ज त्यांनी लिहायचं, भाजी किराणा तुम्ही. रविवारी दोघांनी बसून बघायचं. तीन महिन्यांनी मला परत लिहा, आणि त्यात तुमचं हिमोग्लोबिन किती झालं ते आधी लिहा.

प्रश्न: मी साताऱ्याचा, लोअर परळला शोरूमला कामाला आहे, काळाचौकीला कॉट बेसिसवर राहतो. पगार 24,000. क्रेडिट कार्डचं 40,000 थकलंय. दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, 2,000 भरतो तरी रक्कम कमीच होत नाही. आठवड्यातून चार वेळा तरी जेवण ऑनलाइन मागवावं लागतं कारण रूमवर किचन नाही. घरी सांगितलेलं नाही.

उत्तर: बाळा, तू पैसे भरतोयस आणि रक्कम हलत नाहीये याचं कारण असं. तुझ्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं तू लिहिलंस. 40,000 वर झाले 1,400. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 252. तुझ्या 2,000 मधले 1,652 इथेच गेले, मुद्दलात गेले जेमतेम साडेतीनशे. आणि त्याच महिन्यात कार्डावर परत जेवण मागवलंस की ते साडेतीनशे पण गेले. मुद्दल असंच बसून राहिलं तर वर्षाला एकोणीस हजारांच्या वर नुसतं व्याज आणि टॅक्स. मिनिमम ड्यू भरला म्हणजे फक्त लेट फी लागत नाही, कर्ज फिटत नाही.

कर्ज मोडायचं असेल तर आधी कार्ड वापरणं थांबव, ॲपमधून नंबर पण काढून टाक. मग कंपनीत कामगारांची पतपेढी आहे का विचार, नसेल तर जिथे पगार जमा होतो त्या बँकेत जाऊन पर्सनल लोन किंवा कार्डाची रक्कम हप्त्यात करून मिळेल का विचार. समज 16 टक्क्यांनी 12 महिन्यांचं मिळालं तर हप्ता साधारण 3,630 बसेल आणि वर्षभराचं व्याज मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. कुठे साडेतीन हजार आणि कुठे एकोणीस. प्रोसेसिंग फी किती ते मात्र सही करायच्या आधी विचार. आणि दहा मिनिटांत लोन देणाऱ्या ॲपच्या नादी अजिबात लागू नकोस, एक बुजवायला दुसरं घेतलं की पोरं कशी अडकतात ते मी जवळून बघितलंय.

3,630 आणायचे कुठून, तर तुझ्या जेवणातूनच, पण पोट मारून नाही. एका ऑर्डरचे 220 धरले, आठवड्याला चार, तर महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जातात. तू जिथे राहतोस तो भाग म्हणजे खानावळींचं माहेरघर. गिरणगावात गावाहून आलेल्या एकट्या कामगारांना तिथल्याच बायकांनी शंभर वर्षं जेवू घातलंय. त्या बायका पण सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या, किराणा भरायला उसने घ्यायचे, कामगाराचा पगार झाला की सगळा सावकाराला. 1975 ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांची मान मोकळी झाली. महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडायचं हेच त्यांनी केलं, तुला पण तेच करायचंय. आता तुझ्या गल्लीत आजूबाजूला विचार, महिन्याच्या बोलीवर डबा देणारी एखादी ताई मावशी मिळेलच, नाही तर पोळीभाजी केंद्र आहेच. तीन पोळ्या, भाजी, आमटी भात. ऑर्डर केलेल्या जेवणापेक्षा स्वस्त आणि रोज खाता येईल असं.

घरी सांग. आईला नको वाटत असेल तर मोठ्या भावाला किंवा मामाला. चाळीस हजार हे लपवण्याएवढं मोठं कर्ज नाही, पण लपवलं की ते वाढतं.

प्रश्न: लाइट बिल 2,300 येतं. मी सगळ्यांच्या मागे लागून मोबाइलचे चार्जर काढायला लावते, घरात त्यावरून रोज कटकट. शेजारी म्हणतात 300 युनिटच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळे युनिट महाग होतात. खरं का? (गोरेगाव)

उत्तर: नाही, तसं नाही. 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 असे टप्पे असतात आणि जेवढे युनिट वरच्या टप्प्यात जातात तेवढ्यांनाच वरचा दर लागतो, खालचे खालच्याच दराने. बिलाच्या मागे बघा, टप्प्याप्रमाणे फोड दिलेली असते. अर्थात वरचा टप्पा महाग असतो म्हणून वाचवायचे ते वरचेच युनिट.

आणि चार्जरवरून भांडू नका, त्याने महिन्याला काही रुपये सुद्धा वाचत नाहीत. पंखे बघा. जुना पंखा 75 वॉटचा, दिवसाला 15 तास चालला तर महिन्याला 34 च्या आसपास युनिट. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 28 वॉटचा, तेवढेच तास, 13 च्या आत. एका पंख्यामागे 21 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दोनशे रुपये महिन्याला, पंखा वर्ष सव्वा वर्षात फिटतो. सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. गीझर 2,000 वॉटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट, तेव्हा एकामागोमाग आंघोळी उरका.

प्रश्न: वय 71, गिरगावात राहतो, पेन्शन तुटपुंजी. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांना महिन्याला 3,200 जातात. मुलावर बोजा नको म्हणून बीपीची गोळी एक दिवसाआड घेतोय. बरं वाटतंय. चालेल ना?

उत्तर: काका, नाही चालणार. आजपासून रोज घ्या. बीपी वाढलेलं कळत नाही, बरंच वाटत असतं, आणि एक दिवस एकदम अर्धांगवायू होतो. मग मुलावर जो बोजा पडेल तो 3,200 चा नसेल.

डॉक्टरांना सांगा की मला परवडत नाही, औषधाच्या कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव लिहून द्या. सांगायला संकोच करू नका. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा, तीच औषधं बहुतेक वेळा निम्म्या किमतीच्या आत मिळतात. आपल्या मनाने गोळी बदलू नका, डॉक्टरांना दाखवून घ्या. नायर हॉस्पिटल तुम्हाला लांब नाही, तिथल्या ओपीडीत एकदा नाव काढलं की तपासण्या पण कमी खर्चात होतात, सकाळी लवकर जावं लागतं एवढंच.

आणखी एक. 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालंय, वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, पण ते आधार कार्डावर काढून ठेवा. मुलाला बरोबर घेऊन जा, आणि तो एक दिवसाआडचा प्रकार पण त्याला सांगा. तुम्ही गोळी वाचवून त्याला मदत करताय हे त्याला कळलं तर त्याला काय वाटेल याचा विचार करा.

प्रश्न: लग्नाला एक वर्ष झालं. सासर कणकवलीजवळचं, आम्ही जोगेश्वरीला. गणपतीला सगळे गावी जातो. गेल्या वर्षी माझा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीला सुपं वाहायची असतात तो विधी, होता म्हणून खर्च 45,000 वर गेला, दीर जावा पण होत्या पण खर्च आमच्याकडे आला कारण ह्यांची नोकरी पक्की. माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या, अजून सुटल्या नाहीत. यंदा कमी करूया म्हटलं तर सासूबाई म्हणतात देवाच्या कामात मोजमाप करायचं नसतं.

उत्तर: अगं, सासूबाईंना गणपती कमी करायला सांगू नकोस. त्यांना तसं ऐकू आलं की संपलं. गणपती तेवढाच ठेवायचा, खर्च वाटून घ्यायचा आहे. हे तुझ्या नवऱ्याने बोलायचं, तू नाही, आणि फोनवरून नाही तर गावी समोर बसून, भावांच्या देखत. गेल्या वर्षीचा हिशोब कागदावर, भटजी, मखर, भजनीमंडळींचा चहा फराळ, पाहुण्यांचं जेवण, गाडीभाडं. कुणी काय उचललं. चार भाऊ असतील तर कुणी पैसे देईल, कुणी तांदूळ नारळ देईल, कुणी चार दिवस आधी जाऊन घर सारवून रंगवून काढेल, सगळ्यांचं ऐपतीप्रमाणे असू दे पण कुणाचंच शून्य नको.

ओवसा एकदा झाला, तो खर्च यंदा नाही हे सासूबाईंना पण माहितीय. आहेराच्या साड्या मात्र लोक सवयीने घेत राहतात, एकमेकींना दिलेल्या त्या साड्या कपाटात तशाच असतात. जावांशी तू बोल, सगळ्या जणींनी मिळून ठरवलंत की यंदा साड्या नाहीत तर ते सासूबाईंना एवढं लागणार नाही. प्रवासाचं म्हणशील तर एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, गाडी करून जाण्यापेक्षा खूपच स्वस्त. रेल्वेचं रिझर्व्हेशन नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं, तेव्हा तारीख मोजून सकाळी आठला बसा.

आणि बांगड्या. त्या तुझ्या माहेरच्या असतील असं मी धरून चालते. घरातला खर्च वाढला की सगळ्यात आधी सुनेच्या हातातलं निघतं, आणि सुटताना सगळ्यात शेवटी. यंदाच्या गणपतीला एक रुपया काढायच्या आधी त्या सोडवून आणायला सांग, हे मात्र तू स्वतः सांग. नवऱ्याला म्हण, बाप्पासमोर मोकळ्या हाताने आरतीला उभी राहणार नाही. व्याज दर महिन्याला चढतंय, पावती कुणाकडे आहे ते बघ आणि मुदत कधी संपते ते आजच वाच, मुदत गेली तर लिलावाची नोटीस येते. सुटल्या की पुढच्या गणपतीसाठी दर महिन्याला हजार दीड हजार बाजूला, ऑगस्टात उसनवारी नको.

प्रश्न: पावसात मासळी महाग होते म्हणून सुकट भरून ठेवायची म्हणते पण दरवर्षी जुलैपर्यंत आळ्या होतात नाहीतर वास मारते. काय चुकतं? आणि आमच्या मजल्यावर दहा जणींची भिशी सुरू होतेय, महिन्याला 2,000, घेऊ का? (विक्रोळी)

उत्तर: भिशी आधी सांगते. दहाही जणी तुमच्या मजल्यावरच्या, रोज तोंड बघणाऱ्या असतील तर घ्या. 20,000 एकरकमी हातात येतात, लवकर नंबर लागला तर बिनव्याजी उसने, उशिरा लागला तर सक्तीची बचत. पण कुणी पैसे उचलून खोली सोडून गेली तर कायद्याने फार काही करता येत नाही, म्हणून नवीन आलेल्या भाडेकरणीला शेवटचे नंबर द्या, आणि व्हॉट्सॲपवरच्या अनोळखी भिशीत तर पडूच नका.

आता सुकट. एक जून ते 31 जुलै मोठ्या बोटींना मासेमारी बंद असते, त्या 61 दिवसांत ताजं महाग होणारच, तेव्हा जवळा, सुके बोंबील एप्रिल मेमध्येच घ्या, जूनच्या तोंडावर नको, तेव्हा कोळणी पण भाव धरून असतात. तुमचं चुकतंय ते बहुतेक वाळवण्यात. बाजारातून आणलं ते कोरडं दिसतं पण आत ओल असते. आणल्यावर घरी दोन कडक उन्हं द्या, खाली कपडा, वर जाळी. जवळा निवडून, चाळणीने वाळू काढून, कोरड्या कढईत मंद आचेवर हलका भाजा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम भरलंत तर डब्यातच घाम सुटतो आणि तिथूनच वास सुरू होतो. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे करा म्हणजे रोज उघडायचा तो एकच. बोंबलाची डोकी शेपट्या काढून तुकडे करूनच भरा. आणि हात ओला असताना डब्यात घालू नका, मुलांना पण सांगून ठेवा.